शालूताईंचा पाट

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. एका गिऱ्हाइकाला फिकट पिस्ता रंग हवा होता आणि मी पांढऱ्या रंगात हिरवं स्टेनर थेंब थेंब टाकून डबा ढवळत होते. फोन सिंदी मेघेहून, त्यांच्या शेजारच्या वंदनाताईंचा. "सकाळी फिरून आल्या, ओट्यावर खुर्चीत बसल्या, दूधवाल्यानं आवाज दिला तर उठल्याच नाहीत," एवढंच त्या बोलल्या. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. रंग अर्धा झाला होता. तसाच सोडला असता तर पुन्हा तीच छटा जमली नसती, म्हणून आधी तो पुरा केला, झाकण ठोकून दिलं आणि मग मागे गोदामात जाऊन यांना सांगितलं. यावरून कोणी मला नावं ठेवायची तर ठेवोत. शालूताईंनी ठेवली नसती. अर्धवट सोडलेल्या कामाचा त्यांना फार राग होता.

नंतर शाळेत शोकसभा झाली. शालूताई पुलगावच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. शिस्तप्रिय होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या, शिट्टी वाजली की अख्खं मैदान गप्प व्हायचं, असं लोक बोलले. सगळं खरं आहे. पण त्यांच्या पाटाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. ज्यांना त्याची माहिती होती त्यातले बरेच आता नाहीत, आणि जे आहेत त्यांना तो हसण्याचा विषय वाटतो. म्हणून हे लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही. दुकानाच्या शटरवर "आज बंद राहील" असं खडूनं लिहिण्यापलीकडे माझं लिखाण गेलेलं नाही. त्यामुळे जसं घडलं तसं सांगते.

शालूताई माझी नणंद, यांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी लग्न होऊन पुलगावात आले तेव्हा घरात सासूबाई, हे आणि शालूताई असे तिघं होते. खाली आमचं रंगाचं नि हार्डवेअरचं दुकान, मागे अंगण, वर दोन खोल्या. त्यातली एक शालूताईंची. नणंद घरात म्हटल्यावर माझ्या माहेरच्यांनी काळजी केली होती, ती वाया गेली. शालूताईंचं आणि माझं भांडण कधी झालं नाही, कारण दोघींनाही भांडायला वेळ नव्हता. मैत्री म्हणावी तर तीही फार बोलून झालेली नाही. मला काही कळत नसेल तर मी विचारायची, त्यांना काही हवं असेल तर त्या मागायच्या. तेवढ्यावर आमचं छान चाललं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमच्या गल्लीत केबल आली. शालूताई शाळेतून आल्या की चहाचा कप घेऊन खाली टीव्हीसमोर बसत आणि खेळांचं चॅनल लावत. एकदा मी पोळ्या लाटत होते, तर त्यांनी मला हाक मारून बोलावलं. पडद्यावर समुद्र होता आणि त्यात एक मुलगी लांबट फळीवर उभी राहून लाटेच्या अंगावरून घसरत येत होती. हातात काही धरलेलं नाही, खाली काही बांधलेलं नाही. मी पाहिलं, बरं म्हटलं आणि पोळी करपू नये म्हणून परत गेले. शालूताईंचा चहा मात्र कपातच गार झाला... ते मी कप विसळताना पाहिलं.

त्याच वर्षी गणपती विसर्जनाला आम्ही नदीवर गेलो होतो. तेव्हा लोक मूर्तीबरोबर थर्माकोलची आरासही नदीत सोडून देत. वर्धा नदीला पाणी भरपूर होतं. मूर्ती खाली गेल्या, हार गेले, आणि थर्माकोलचे खांब, कमानी, मोर सगळे वर तरंगत पुलाकडे निघाले. एका कमानीवर दोन पोरं पोटावर पडून हातानं पाणी मारत होती.

"मंदा, पाह्य थे," शालूताई म्हणाल्या. "सारं बुडते, हे बुडत नाई."

"मग?"

"मग काई नाई."

पण दुसऱ्या दिवसापासून त्या ओळखीच्या घरी जाऊन उरलेल्या आराशी मागून आणू लागल्या. ज्या घरी गणपती, ज्या घरी महालक्ष्म्या, त्या घरी शालूताई. पी.टी.च्या बाईंना नाही कोण म्हणणार? वरची खोली थर्माकोलनं भरली. कोणाच्या मखरावर सोनेरी कागद, कोणाच्या खांबावर चमकी. तेव्हा कुठे त्यांनी घरात सांगितलं की मला तसली फळी बनवायची आहे आणि समुद्राच्या लाटेवर उभं राहायचं आहे.

हे म्हणाले, "ताई, पुलगावले समुद्र कोण आणून देईन?"

"समुद्र कायले येते इथं? आपण जाऊ."

सासूबाई गहू निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "चाळिशी झाली, गुडघा दुखते म्हणते, अन् पाण्यावर नाचाले चालली. लोकं काय म्हणतीन वं शाले?"

"लोकं म्हणत नाई काई, आई. लोकं हसते. हसू दे."

गुडघ्याचं खरं होतं. वर्षानुवर्षं मैदानावर मुलींना उड्या मारून दाखवताना उजवा गुडघा खराब झाला होता. सेवाग्रामच्या बाजूला एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी सांगितलं की आणखी थोडे दिवस हा साथ देईल, मग पायऱ्यासुद्धा जपून. शालूताईंनी हे घरात फक्त मला सांगितलं, तेही मी गुडघ्याला लावायचं तेल आणून दिलं म्हणून. "म्हणजे मंदा, यंदाचा उन्हाळा. पुढच्यावर माहा भरोसा नाई. एकदा उभं राह्यलं की झालं. एकदाच." मी विचारलं, कशासाठी? त्यांनी तेल तळहातावर घेतलं. मग म्हणाल्या, "पोट्ट्यांले मी बारा महिने सांगतो, तोल सांभाळा, तोल सांभाळा. माहा तोल कोणी पाह्यलाच नाई." त्यापुढे कधी त्या या विषयावर बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

समुद्राला जायची वाट त्यांनीच काढली. सासूबाईंना जगन्नाथपुरीला जायची फार जुनी इच्छा होती. सासरे असतानाचा नवस होता, राहून गेलेला. शालूताईंनी सरळ सौदा केला. "आई, तुले जगन्नाथ, मले समुद्र. एकाच तिकिटात." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, पुरीला थंडी असते का, शाल घ्यावी लागेल का. म्हणजे होकार.

काम अंगणात सुरू झालं. थर्माकोलचे तुकडे लाकडाच्या गोंदानं एकावर एक चिकटवले, वर दगड ठेवून वाळवले. मग दुकानातल्या करवतीच्या पात्यानं आकार कापला आणि पॉलिश पेपरनं घासला. बर्फासारखा भुगा उडायचा. तुळशीत भुगा, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर भुगा, यांच्या मिशीत भुगा. येणारीजाणारी बाई विचारायची, शेवयांचा पाट का? आमच्याकडे शेवया वळायला लांब पाट लागतो, खाटेला तिरपा लावून बाई त्यावर बसते. शालूताई म्हणायच्या, हो, पाट. त्यांना समजावत बसायचा कंटाळा होता. तेव्हापासून त्याचं नाव पाटच पडलं. आम्ही घरातलेही तेच म्हणू लागलो. खरं काय म्हणतात ते टीव्हीवर इंग्रजीत सांगायचे, पण ते आमच्या तोंडात बसलं नाही.

आता त्यावर कडक कवच हवं होतं. ते बब्बूभाईकडे होतं. बब्बूभाई स्टेशनजवळ कूलर दुरुस्त करायचा. फायबरच्या कूलरला तडा गेला की तो एक वासाचं द्रव्य आणि काचेची जाळी लावून तडा बुजवायचा. थंडीत त्याच्याकडे काम नसायचं, म्हणून उरलेल्या मालात करून द्यायला तयार झाला. एका दुपारी तो डबा नि ब्रश घेऊन आला. पुढच्या टोकापासून लावायला सुरुवात केली. आम्ही सगळे उभे होतो. आणि बघता बघता ते टोक खाली बसायला लागलं. गरम पोळीवर लोणी ठेवावं तसं. खड्डा पडला, खड्ड्यात खड्डा पडला, वासानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बब्बूभाई ब्रश हातात धरून बघतच राहिला.

"बाई, ये तो गल रहा है!"

"पाह्यून राह्यली मी," शालूताई म्हणाल्या. "ब्रश बाजूले करा पह्यले."

त्यांनी आत जाऊन करवतीचं पातं आणलं आणि वितळलेला भाग उभ्या उभ्या कापून टाकला. हाताएवढा तुकडा गेला. बब्बूभाई माफी मागत होता, शालूताई उरलेली लांबी नजरेनं मोजत होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाई तं गाडीच्या बर्थवर मावला नसता." मला वाटतं त्यांना वाईट वाटलं होतं. पण त्या दिवशी तसं दिसलं नाही, आणि नसलेलं मी लिहिणार नाही.

पाट बरेच दिवस तसाच बोडका पडून राहिला. थर्माकोल आणि ते द्रव्य यांच्यामध्ये काहीतरी हवं होतं. शालूताईंनी वर्तमानपत्रं खळीनं चिकटवून पाहिली. खळ मैद्याची. रात्रीतून उंदरांनी एक कड कुरतडली. पुन्हा चिकटवली, पुन्हा कुरतडली. सासूबाई ओसरीतून हे पाहत होत्या. त्यांचा विरोध कायम होता, पण डोळ्यांसमोर कोणी कागदाचं काम असं भिकार करत असेल तर त्यांच्यानं बघवत नव्हतं. त्यांच्या हातच्या कागदाच्या टोपल्या गल्लीत प्रसिद्ध होत्या. रद्दी भिजत घालायची, भिजवलेल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटायची, आणि तो लगदा पालथ्या भांड्यावर थापून टोपली करायची. मेथीमुळे टोपली दगडासारखी होते आणि तिला कीड लागत नाही. आमच्या घरी अजून त्यांची एक टोपली आहे, धान्य पाखडून ठेवायला.

"उंदरायले जेवण वाढून राह्यली का तू?" त्या शेवटी म्हणाल्या. "सरक तिकडे. मेथी कुठं ठेवली वं मंदा?"

"आई, तुले करा नाई लागत."

"मी तुह्यासाठी नाई करत. मले थे पाह्यवत नाई."

मग चार दिवस उखळ चाललं. सासूबाई बसायच्या, मी कुटायची, शालूताई लगदा थापायच्या. "पातळ, पातळ! भाकर थापून राह्यली का?" असं सासूबाईंचं वरून चालू. सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, नाहीतर तडकते, हेही त्यांनीच सांगितलं. वाळल्यावर वरून सासऱ्यांचं जुनं धोतर ताणून बसवलं. ते कोणी दिलं हे विचारू नका. एका सकाळी ते पाटावर घडी करून ठेवलेलं होतं, एवढंच. मग बब्बूभाई आला, आधी कोपऱ्यात थेंबभर लावून पाहिलं, आणि वितळलं नाही तसा त्यानं मोठ्यानं "या अल्लाह" म्हटलं.

द्रव्य महाग होतं. खालची बाजू आणि कडा एवढ्यालाच पुरलं. वरच्या बाजूला काय? बब्बूभाईनं पत्र्याच्या कूलरच्या टाकीला आतून लावतात ते डांबर फासून दिलं. पाणी आत जाणार नाही याची हमी. पाटाखाली मागच्या बाजूला उभं पातं लागतं, वळायला. ते कूलरच्या जुन्या पंख्याचं, कानशीनं धार मारून गुळगुळीत केलेलं. पायाला बांधायची दोरी म्हणजे बैलाचा कासरा. त्या पाटात विकत घेतलेलं फार थोडं होतं. त्याच्या पोटात आजही कोणाकोणाच्या घरचे खांब आहेत, कमानी आहेत, आणि एक अख्खा मोर आहे. तो ठेवताना मी पाहिला आहे.

उन्हाळा लागला तसा पाण्याच्या परीक्षेसाठी आम्ही पाट हातगाडीवर टाकून नदीवर नेला. पुलाखाली डोह होता. धुणं धुणाऱ्या बाया थांबल्या. "पी.टी.च्या बाई, डोंगा पालथा व्हईन ना वं!" शालूताई पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला कसून पाटावर पोटावर झोपल्या आणि हात मारत पलीकडे गेल्या, परत आल्या. तरंगला. ओझं बरंच होतं, पण तरंगला. उभं राहणं तिथे शक्य नव्हतं, पाणी हलतच नव्हतं.

म्हणून उभं राहायचा सराव अंगणात. मे महिना. शाळेला सुट्टी. शालूताई सकाळी जेवणाआधी पाट अंगणात मांडायच्या, त्याखाली पोत्यात गुंडाळलेला पाइप घालायच्या म्हणजे तो डुलेल, पोटावर झोपायच्या आणि एकदम उडी मारून उभ्या. डावा पाय पुढे, गुडघे वाकवलेले, एक हात समोर, एक मागे, हनुवटी वर. पडायच्या, उठायच्या. पुलगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे. डांबर मऊ पडायचं. रोज त्याच जागी पाय पडून पडून त्यात दोन खोलगट ठसे उमटले, बोटांसकट. तळवे काळे झाले ते रॉकेलनं घासूनही पुरते निघेनात. मी म्हटलं, पाट खराब झाला. त्यांनी ठशांत पाय ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "नाई गं. आता पायाले जागा पाठ झाली." सासूबाई या वेळी ओसरीत कुरडयांचे गहू घेऊन बसलेल्या असायच्या. पाठ अंगणाकडे. मुद्दाम. "मले नाई पाहाचं तुहं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गाडीचा प्रवास सांगितलाच पाहिजे. डांबर कोणाच्या कपड्यांना लागू नये म्हणून पाट पांढऱ्या खादीच्या चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधला होता. वर्धा स्टेशनवर आम्ही चौघं, आणि मध्ये जमिनीवर माणसाएवढं लांब, पांढऱ्या कापडात बांधलेलं काहीतरी. शेजारी पांढऱ्या लुगड्यातल्या सासूबाई. लोक जरा लांबून जायला लागले. एका म्हाताऱ्यानं चप्पल काढून नमस्कार केला. एका बाईनं सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "कोण होतं वं माय तुमचं?"

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "शेवयांचा पाट हाय थो!" आणि शालूताईंना, "सोड आधी थे पांढरं! माही फुलाफुलाची चादर काढ." प्लॅटफॉर्मवरच चादर बदलली. शालूताई आणि मी खाली बसून गाठी सोडत होतो आणि दोघींनाही हसू आवरत नव्हतं. पाट वरच्या बर्थवर चढवला. तंतोतंत बसला.

पुरीला दर्शन आधी, समुद्र नंतर, हे ठरलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर गेलो. तिथे पोहणाऱ्यांना हात धरून पाण्यात नेणारे कोळी असतात, नुलिया म्हणतात त्यांना, डोक्यावर वेताची टोकदार टोपी. एक जण पाटाभोवती फिरला, वाकून पंख्याचं पातं बोटानं वाजवलं.

"मौसी, ये हवा भी देगा?"

"तू पाणी दाखव, हवा मी पाहातो," शालूताई मराठीतच म्हणाल्या. तो हसला आणि बरोबर निघाला.

लाटा मोठ्या होत्या. पहिल्या लाटेनं पाट आणि शालूताई दोघांनाही किनाऱ्यावर आणून टाकलं. दुसरीनं पाट एकीकडे, त्या दुसरीकडे. कासरा नसता तर पाट गेलाच होता. मी सासूबाईंना धरून वाळूवर उभी होते. हे मोजत होते, मग मोजायचं सोडलं. शालूताई पाण्यातून उठायच्या, केस मागे सारायच्या, पाट ओढत पुन्हा आत. उजवा पाय ओढत होत्या हे मला किनाऱ्यावरून दिसत होतं. मी यांना म्हटलं, आता बोलवा. हे म्हणाले, "तू बोलाव. मी बोलावलं तं माहं आयकन का?" मी बोलावलं नाही. ऊन चढलं. सासूबाईंनी विचारलं, "उभी राह्यली का?" मी सांगितलं, नाही अजून. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता; अंगणापुरतं दिसायचं, लांबचं नाही. त्यांना पाण्याचा पांढरा पट्टा तेवढा दिसायचा.

आणि तेवढ्यात ती गाय आली. आम्ही देवळाबाहेर खाजा घेतला होता, प्रसादाचा. पुडा चादरीवर ठेवला होता. पुरीच्या वाळूवर गाई मोकळ्या फिरतात. मागून येऊन तिनं पुडाच उचलला. सासूबाई सगळ्यात आधी ओरडल्या. "अरे माहा परसाद! विजू, धर तिले!" हे धावले, मी धावले, गाय पुडा तोंडात घेऊन पळाली, सासूबाई काठी आपटत आमच्या मागे. आसपासचे लोक हसायला लागले. अर्धा पुडा हाती लागला. आम्ही धापा टाकत वळलो, तर शालूताई पाण्यातून बाहेर येत होत्या. पाट बगलेत, चेहऱ्यावर केस चिकटलेले. नुलिया त्यांच्या मागे बराच आत, पाठ करून पुढची लाट बघत उभा.

"पाह्यलं?" शालूताई आमच्यापर्यंत यायच्या आतच म्हणाल्या. "पाह्यलं ना? उभी होती. तिथून... इथपर्यंत."

यांनी खाली पाहिलं. मी म्हटलं, "नाई, ताई. गाय आली होती."

मी जन्मभर काउंटरवर उभी आहे. रंग दोन पावसाळे टिकणार नसेल तर टिकणार नाही असंच सांगते, गिऱ्हाईक गेलं तरी. शालूताई उभ्या राहिल्या होत्या याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. पण मी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, मग त्या अर्ध्या पुड्याकडे. "असू दे," म्हणाल्या, आणि कासऱ्याची गाठ सोडायला खाली बसल्या. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, सुटत नव्हती...

"मी पाह्यलं," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

"काय पाह्यलं तू, आई?"

सासूबाईंनी काठी माझ्या हातात दिली. भर वाळूत डावा पाय पुढे टाकला, गुडघे वाकवले, एक हात समोर केला, एक मागे नेला, आणि हनुवटी वर केली. "अशी होती. हनुवटी वर. खाली नाई पाह्यलं एकदाही." मग तोल गेला आणि मी त्यांना धरलं.

 शालूताईंनी खाली बसल्या बसल्या सासूबाईंच्या पायावरची वाळू हातानं झटकली आणि चप्पल सरळ करून दिली.

परतीच्या गाडीत सासूबाई झोपल्या होत्या. शालूताई आणि मी खिडकीशी बसून उरलेला खाजा खात होतो. त्या म्हणाल्या, "आईले दिसलं असीन का, मंदा?"

"लांबचं दिसत नाई त्यायले, ताई. अन् त्या तर गाईमागं होत्या."

"माह्यीत हाय मले." हातातला खाजा मोडून त्यांनी अर्धा मला दिला. मग म्हणाल्या, "पण पाय कोणता पुढे होता, थे तिले माह्यीत होतं. महिनाभर पाठ करून बसली होती ना?"

त्यानंतर शालूताई समुद्रावर कधी गेल्या नाहीत. गुडघा डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच गेला. शाळेत त्या खुर्चीवर बसून शिट्टी वाजवू लागल्या. सासूबाई मात्र दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या, शाली समुद्रावर उभी राहिली, मी या डोळ्यांनी पाहिलं. नंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी सांगत राहिल्या. शालूताई तिथे असल्या तर नुसत्या हसायच्या. सासूबाई गेल्यावर ती गोष्ट सांगणारं कोणी उरलं नाही. शालूताईंनी स्वतःहून ती कधी कोणाला सांगितली नाही. पुढे त्यांनी सिंदी मेघेला छोटं घर घेतलं आणि जाताना कपाट नेलं, खाट नेली आणि पाट नेला. दोन जुन्या कूलर स्टँडवर तो अंगणात आडवा मांडला, फायबरची बाजू वर, डांबराची खाली. दर उन्हाळ्यात त्यावर कुरडया, वड्या, सांडगे वाळायचे. उंची अशी की वाकावं लागत नसे, गुडघ्याला बरं पडायचं.

त्यांचं घर आवरायला मी आणि हे गेलो. भांडी वंदनाताईंच्या कामवालीला दिली, खाट शाळेच्या शिपायानं नेली. पाटाचं काय करायचं, कोणाला हवा असेल का, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, टेम्पोत टाका. दुसरं सामान काही आणलं नाही.

या उन्हाळ्यात कुरडया त्याच्यावरच घातल्या. समोरच्या घरात नवीन सून आली आहे, यवतमाळकडची, हात लावायला आली होती. कुरडया काढून झाल्यावर आम्ही दोघींनी पाट धुवायला उलटा केला, तर तिला ते ठसे दिसले. वाकून बघत राहिली.

"काकू, हे काय हो? कोणाचे पाय?"

"आमच्या शालूताईंचे. माझ्या नणंद. यावर त्या समुद्रात लाटेवर उभ्या राहिल्या होत्या."

ती हसली. मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं. "खरंच? तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं," मी म्हटलं. "डावा पाय पुढे होता. पाणी आण, डांबरावरची धूळ काढून घेऊ."